निलगिरीच्या चढाची पूर्वतयारी

बंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर वसलेले आहे. येथील उन्हाळा दख्खनमधील इतर शहरांइतका कडक नसतो, थंडी बोचरी नसते, आणि शहराची वेस ओलांडली की कोणत्याही दिशेला चढउतारांचे रस्ते लागतात. एके काळी येथील सायकल ही प्रामुख्याने कामगाराची होती. हिंदुस्थान एरॉनॉटिक्स, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कारखान्यांत जाणारा नोकरदार तिच्यावरूनच कामावर जात असे. पुढे स्कूटर आली, मोटारी आल्या, आणि सायकल रस्त्याच्या कडेला ढकलली गेली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती परत आली खरी, पण वेगळ्या रूपात. आता तिच्यावर बसणारा बहुधा कार्यालयात दिवसभर खुर्चीवर बसून काम करणारा होता, आणि तो तिला बाहेर काढी तो रविवारी पहाटे.

अशाच काही हौशी मंडळींच्या पुढाकाराने २००८ च्या डिसेंबर महिन्यात ‘टूर ऑफ निलगिरीज’ या सायकल-सहलीचा आरंभ झाला. बंगळुरूतील राइड-अ-सायकल फाउंडेशन ही संस्था तिचे संयोजन करते. मार्ग दरवर्षी थोडाफार बदलतो; तथापि आठवडाभर चालणारा प्रवास, आठशे ते हजार किलोमीटरांचे अंतर आणि कर्नाटक, केरळ व तामिळनाडू या तीन राज्यांच्या सीमेवरील डोंगराळ मुलूख, हे तिचे स्वरूप कायम राहिले आहे. या सहलीच्या निमित्ताने निधी जमविला जातो आणि त्यातून गरजू शाळकरी मुलांना सायकली दिल्या जातात.

धर्मादाय कार्यासाठी सायकलवरून दूरचा पल्ला गाठण्याची प्रथा मुख्यतः पाश्चात्त्य देशांत वाढीस लागली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८० साली ३६ सायकलस्वारांनी कर्करोगाच्या संशोधनासाठी ‘पॅन-मॅस चॅलेंज’ सुरू केले; आज त्यात हजारो लोक भाग घेतात. अशा उपक्रमांची रीत साधी असते. स्वार आपल्या परिचितांना सांगतो की, मी अमुक अंतर तोडणार आहे, तुम्ही अमुक कार्याला मदत करा. देणगीदार पैसे देतो ते कार्यासाठी. परंतु विश्वास ठेवतो तो त्या स्वारावर. येथेच एक अडचण उत्पन्न होते. हेतू उदात्त आहे याची स्नायूंना जाणीव नसते. शब्द देऊन बसलेला मनुष्य महिनाभर आधी घाईघाईने सराव करू लागतो, गुडघा दुखू लागला तरी तो लपवितो, आणि घाटात जेथे थांबावयास हवे तेथे थांबत नाही. अशा सहलीच्या पूर्वतयारीचा विचार केवळ क्रीडेच्या दृष्टीने करून भागत नाही, त्याचे कारण हेच होय.

चढाचे गणित

बंगळुरूच्या सायकलस्वाराची पहिली शाळा म्हणजे नंदीदुर्ग. शहराच्या उत्तरेस सुमारे ६० किलोमीटरांवर असलेल्या या डोंगराचा माथा १,४७८ मीटर उंच आहे. टिपू सुलतानाचे उन्हाळी निवासस्थान येथेच होते, आणि १९८६ साली बंगळुरूत सार्क परिषद भरली तेव्हा राष्ट्रप्रमुखांची अनौपचारिक बैठकही येथेच झाली. सायकलस्वाराला मात्र या इतिहासापेक्षा पायथ्यापासून माथ्यापर्यंतचे सात-आठ किलोमीटर अधिक महत्त्वाचे वाटतात. एवढ्या अंतरात तो सुमारे ५०० मीटर वर चढतो, आणि शेवटचा टप्पा सर्वांत खडा असतो.

निलगिरीतील सर्वांत कसोटीचा चढ म्हणजे मसिनगुडीकडून उदगमंडलमकडे जाणारा कल्हट्टी घाट. त्यावर ३६ हेअरपिन वळणे आहेत व प्रत्येकावर क्रमांकाची पाटी आहे. मसिनगुडीची उंची ९५० मीटरांच्या आसपास आहे, तर उदगमंडलम २,२४० मीटरांवर आहे. म्हणजे सुमारे १,३०० मीटरांची चढण झाली. नंदीदुर्ग हे माप धरले तर एका दमात अडीच नंदी, असे म्हणता येईल.

याचा अर्थ काय, ते आकड्यांवरून स्पष्ट होते. स्वार आणि सायकल मिळून वजन ८५ किलोग्रॅम आहे असे समजू. एवढे वजन १,३०० मीटर वर नेण्यास सुमारे १,०८० किलोजूल इतके कार्य करावे लागते. मनुष्याचे स्नायू अन्नातील ऊर्जेपैकी जेमतेम चौथा हिस्सा पॅडलपर्यंत पोचवितात. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. म्हणून या एका चढासाठी हजार ते बाराशे उष्मांक खर्च होतात. सामान्य प्रकृतीचा, नियमित सराव केलेला मनुष्य १५० वॅट शक्ती बराच काळ टिकवू शकतो. त्या हिशेबाने या चढाला दोन तास लागतात. शंभरच वॅट निघत असतील तर तीन. चढताना हवेचा विरोध नगण्य असतो, कारण वेगच अल्प असतो. सपाटीवर दुसऱ्या स्वाराच्या मागे राहून श्रम वाचविण्याची युक्ती येथे निरुपयोगी ठरते. घाटात प्रत्येकाला आपले वजन आपणच ओढावे लागते.

यातूनच गिअरचा प्रश्न पुढे येतो, आणि नवशिके लोक त्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष करतात. शंभर मीटरांत दहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर १५० वॅटमध्ये ताशी सुमारे साडेसहा किलोमीटरच वेग मिळतो. पुढच्या चक्राला ३९ दाते आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला २५ दाते असतील, तर या वेगाला पॅडल मिनिटाला केवळ ३३ वेळा फिरते. प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर पडणारा ताण त्यामुळे फार वाढतो. हीच दोन चक्रे ३४-३४ दात्यांची असतील तर पॅडल मिनिटाला पन्नासाहून अधिक वेळा फिरते आणि तोच चढ त्याच शक्तीत, पण गुडघा शाबूत ठेवून, पार करता येतो. हलका गिअर लावणे म्हणजे दुबळेपणा कबूल करणे, अशी एक समजूत सायकलस्वारांत आढळते. ती खुळी आहे.

सोळा आठवडे

डिसेंबरातील सहलीसाठी तयारीचा आरंभ ऑगस्टच्या मध्यास झाला पाहिजे. ज्याला आजच ४० किलोमीटर विनासायास जाता येते त्यालाही सोळा आठवडे हवेत. ज्याला तेवढेही येत नाही त्याने त्याहून आधी लागावे. इतका काळ कशासाठी, असा प्रश्न सहजच पडेल. त्याचे उत्तर असे की, शरीराचे निरनिराळे घटक निरनिराळ्या गतीने बदलतात. काही आठवड्यांत रक्ताचे प्रमाण वाढते, हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त बाहेर टाकू लागते, आणि स्वाराला वाटते की आपण तयार झालो. स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होण्यास आणि पेशींत ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका वाढण्यास त्याहून अधिक दिवस लागतात. सर्वांत सावकाश बदलतात ते स्नायू हाडांना जोडणारे कंडरे. दम वाढला पण कंडरे अजून कच्चे, या मधल्या काळातच बहुतेक दुखापती होतात. उत्साह सर्वांत जास्त असण्याचा काळही नेमका तोच असतो.

यास्तव आठवड्याचे अंतर एकदम न वाढविता सुमारे दशांशाने वाढवावे, आणि तीन आठवडे वाढवीत नेल्यावर चौथा आठवडा हलका ठेवावा. बळ सायकलवर असताना येत नाही. सायकलवर केवळ झीज होते. भरपाई होते ती निद्रेत आणि विश्रांतीत. हा चौथा आठवडा आळसाचा मानून गाळणारे लोक दोन-अडीच महिन्यांनी कंटाळलेले, चिडचिडे आणि पूर्वीपेक्षा मंद झालेले दिसतात.

आठवड्याची रचना नोकरदाराला झेपेल अशीच असावी लागते. मधल्या वारी दोन सकाळी तास-दीड तास, त्यांपैकी एकदा चढावर जोर लावून; आणि शनिवार-रविवार दोन्ही दिवस लांब रपेट. हे दोन दिवस लागोपाठ असणे महत्त्वाचे. आठवडाभराच्या सहलीत खरी परीक्षा पहिल्या दिवशी होत नाही. ती तिसऱ्या-चौथ्या सकाळी होते, जेव्हा पाय जड असतात, बैठक सोलवटलेली असते आणि पुन्हा त्याच सीटवर बसावयाचे असते. शनिवारी १०० किलोमीटर करून रविवारी ७० किलोमीटर जाणारा स्वार त्या सकाळीची थोडी ओळख करून घेतो. एकाच दिवशी १५० किलोमीटर करून दुसऱ्या दिवशी झोपून राहणाऱ्याला ती होत नाही.

सरावाचा बहुतांश भाग सावकाश असावा, हे सांगितले तर पुष्कळांना पटत नाही. शेजारच्याशी पूर्ण वाक्ये बोलता येतील इतकाच वेग ठेवावा; वाक्य मध्येच तुटू लागले की वेग अधिक झाला असे समजावे. या वेगाला शरीर स्निग्ध पदार्थांचे ज्वलन अधिक करते आणि स्नायूंतील साठा वाचविते. बंगळुरूत मात्र ही शिस्त पाळणे कठीण जाते, कारण रविवारी नंदीच्या रस्त्यावर कोणी तरी पुढे निघून जातोच आणि मागच्याचा संयम सुटतो.

पावसाचाही विचार करावा लागतो. सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे या शहरातील सर्वाधिक पावसाचे महिने होत, आणि सरावाचा ऐन काळही तोच. पाऊस बहुधा दुपारनंतर व रात्री येतो, म्हणून पहाटेची वेळ सोयीची पडते; परंतु साचलेल्या पाण्याखाली खड्डा किती खोल आहे हे पहाटेच्या अंधारात कळत नाही. पुढे-मागे दिवा, चमकणारा पट्टा आणि शिरस्त्राण यांशिवाय घराबाहेर पडू नये. मार्गही नीट निवडावा. बंगळुरू-म्हैसूर द्रुतगती मार्गाच्या मुख्य मार्गिकेवर १ ऑगस्ट २०२३ पासून दुचाकी व बिनइंजिनाच्या वाहनांना बंदी आहे. सायकलस्वाराला बाजूच्या सेवा रस्त्याने अथवा आतल्या गावांच्या वाटांनी जावे लागते. या वाटा लांबच्या असल्या तरी सरावाला त्याच बऱ्या.

नोव्हेंबरात एकदा आपली तयारी अजमावून पाहावी. त्यासाठी पॅरिसच्या ओडॅक्स क्लबच्या नियमांनुसार होणारी २०० किलोमीटरांची ‘ब्रेव्हे’ सोयीची असते. तीत स्पर्धा नसते, क्रमांक काढला जात नाही. साडेतेरा तासांत अंतर पुरे करावयाचे, एवढाच नियम. थांबे धरून ताशी पंधरा किलोमीटरही पडत नाहीत. बंगळुरूत अशा रपेटी नियमाने होतात. सपाटीवर ही मर्यादा सुखाने पाळता आली आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता आला, तर तयारी योग्य मार्गाने चालली आहे असे समजण्यास हरकत नाही.

अन्न आणि पाणी

शरीरात पिष्टमय पदार्थांचा साठा ग्लायकोजेनच्या रूपाने असतो. तो सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम भरतो, आणि जोराच्या श्रमात दीड-दोन तासांत संपत येतो. तो संपला की डोळ्यांपुढे अंधारी येते, हात थरथरतात, आणि काही काळापूर्वी हसत बोलणारा स्वार रस्त्याच्या कडेला मूकपणे बसतो. भूक लागण्याची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पहिल्या तासापासूनच पोटात गेली पाहिजेत. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. परदेशी बनावटीची महागडी पाकिटे मिळतात, पण केळी, गुळाची चिक्की, इडली आणि खजूर यांनी तेच काम होते. श्रम करीत असताना खाणे पचविण्याचीही सवय लावावी लागते; सहलीत पहिल्यांदाच नवा पदार्थ खाऊन पाहणे हे पोट बिघडविण्याचे हमखास साधन होय.

पाण्याच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी चुका होतात. घामावाटे तासाला अर्धा ते दीड लिटर पाणी जाते आणि त्यासोबत मीठ जाते. केवळ साधे पाणी अतोनात प्यायल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण धोकादायक रीतीने उतरते. डोके दुखणे, मळमळणे, भ्रम होणे ही त्याची लक्षणे. सोबत्यांना वाटते की उन्हाने पाणी कमी पडले, आणि ते त्याला आणखी पाणी पाजतात. लिंबू, मीठ आणि साखर घातलेले सरबत आणि तहानेप्रमाणे पिणे हा जुना मार्गच सुरक्षित आहे. दोन तासांच्या सरावाआधी व नंतर वजन करून पाहिले तर आपला घाम किती जातो हे कोणालाही घरच्या घरी कळू शकते. वजन वाढलेले आढळले तर पाणी जास्त झाले.

उतार

चढासाठी महिनोन्‌महिने घाम गाळणारे लोक उतार आपोआप जमेल असे गृहीत धरतात. अपघात मात्र उताराला होतात. चढताना साठविलेले १,०८० किलोजूल उतरताना कोठे तरी गेलेच पाहिजेत. काही भाग हवा घेते, उरलेला ब्रेक आणि रिम यांत उष्णता होऊन जातो. ती सारी उष्णता एकवटली तर तीन लिटरांहून अधिक पाणी उकळीस येईल, यावरून तिचा अंदाज यावा. ब्रेक सतत दाबून ठेवल्यास रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. त्यापेक्षा वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोराने दाबून वेग उतरवावा, वळणात शिरण्यापूर्वी ते सैल सोडावेत, नजर वळणाच्या पलीकडे ठेवावी. हे कौशल्य पुस्तकातून येत नाही. नंदीचा उतार गर्दीच्या वेळी टाळून, पुन्हापुन्हा, सावकाश उतरून ते आणावे लागते.

उदगमंडलमची थंडीही लक्षात घ्यावी. तेथे डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहिवर गोठते. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन-चतुर्थांश असतो, त्यामुळे चढताना दम लवकर लागतो. घामाने भिजलेल्या कपड्यांनिशी उतार लागला की बोटे बधिर होतात आणि बधिर बोटांना ब्रेकचा अंदाज राहत नाही. पाठीच्या खिशात एक पातळ वाऱ्याचे जाकीट आणि हातमोजे ठेवणे हा यावरचा उपाय, आणि वजन वाढेल म्हणून नेमके तेच घरी ठेवले जाते.

शब्द आणि शरीर

आता मूळ अडचणीकडे वळावयास हवे. देणगीदारांना शब्द दिलेला स्वार घाटात थकला, त्याच्या गुडघ्यात कळ येऊ लागली, तर त्याने मदतगाडीत बसावे काय? बसावे, यात संशय नाही. दिलेली देणगी त्याच्या पोचण्यावर अवलंबून नसते; मुलाची सायकल त्यामुळे परत जात नाही. भारतीय सायकलपटूंत अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणारी शर्यत २०१५ साली दोघांच्या संघाने पुरी करणारे नाशिकचे हितेंद्र व महेंद्र महाजन हे बंधू डॉक्टर. २०१७ साली ती एकट्याने पुरी करणारे सैन्यदलातील श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ हेही डॉक्टरच. हा योगायोग असेल; तथापि शरीराची भाषा कळणाऱ्यांनाच असे पल्ले झेपावेत यात नवल नाही. स्नायूंचे दुखणे दोन्ही पायांना सारखे असते व हालचालीने कमी होते. एकाच सांध्यात, एकाच ठिकाणी येणारी आणि प्रत्येक फेऱ्याला वाढणारी कळ वेगळी. सोळा आठवड्यांत हा भेद ओळखता आला, तर त्या सरावाचे मोठे काम झाले.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा प्रवेशशुल्काचे आणि महागड्या सायकलीचे पैसेच मुलांना का देऊ नयेत, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच चुकीचा नाही. सायकलीच्या किमतीशी तुलना करता काही स्वारांनी जमविलेला निधी खरोखरच तुटपुंजा असतो, आणि तसे असेल तेथे सहलीला सहलच म्हणावे, धर्मकार्य म्हणू नये. परंतु निधी जमतो तेथे त्याचे फळ नक्की असते. बिहार सरकारने २००६ साली नववीत दाखल होणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यास आरंभ केला. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी या योजनेचा अभ्यास करून २०१७ साली तो प्रसिद्ध केला. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण योजनेमुळे ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे व मुली यांच्यातील तफावत ४० टक्क्यांनी घटली, असे त्यांना आढळले. शाळा तीन किलोमीटरांहून दूर असलेल्या गावांत हा परिणाम अधिक होता. कर्नाटकातही २००६-०७ पासून आठवीच्या विद्यार्थ्यांना सरकारतर्फे सायकली मिळत असत. कोविडच्या साथीच्या काळात ते वाटप खंडित झाले.

ज्या मुलीची शाळा पाच किलोमीटरांवर आहे ती शाळेच्या दोनशे दिवसांत जाऊन-येऊन दोन हजार किलोमीटर सायकल चालविते. निलगिरीच्या सहलीच्या दुपटीहून हे अंतर कमी नाही. तिच्या सायकलीला बहुधा गिअर नसतात, पाठीवर दप्तर असते, आणि मागून मदतगाडी येत नाही. पहिल्या पावसाळ्यात साखळी गंजते, ट्यूब फुटते, ब्रेकचे रबर झिजते. गावात दुरुस्तीचे दुकान नसेल तर ती सायकल भिंतीला टेकून राहते आणि मुलगी पुन्हा पायी जाऊ लागते. म्हणून देणगी मागावयास निघालेल्या स्वाराने संयोजकांना आधीच विचारून घ्यावे की, सायकलीसोबत पंप, पाने आणि पंक्चरचे सामान दिले जाते काय, आणि ती वापरावयास मुलांना कोणी शिकविते काय. ते होत नसेल, तर सोळा आठवड्यांच्या सरावात स्वतः पंक्चर काढावयास शिकलेल्या माणसाने एक सकाळ त्या शाळेत घालविण्यास हरकत नसावी.